अंगठी दिसते, बाकीचा परजीवी कुठे जातो?

फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या हिवतापाच्या रुग्णाचं बोट टोचून काढलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, त्याला रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. तांबड्या पेशींच्या आत बारीक निळसर कडी दिसतात, प्रत्येक कड्यावर एक लालसर ठिपका. हुबेहूब खड्याची अंगठी. गडचिरोलीत रक्तनमुने तपासणाऱ्यांच्या ती चांगली ओळखीची आहे. पण वाढ झालेला परजीवी त्या पट्टीवर सहसा सापडत नाही. तांबड्या पेशीतलं त्याचं चक्र साधारण ४८ तासांचं, आणि आपल्याला दिसतो तो जेमतेम पहिला अर्धा भाग.

उरलेला वेळ तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून काढतो. त्याला भीती असते पानथरीची. परजीवी शिरला की तांबडी पेशी ताठर होते, आणि अशा पेशी पानथरी रक्तातून गाळून काढते. तिथे जायचंच नाही म्हणून परजीवी पेशीच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन पाठवतो, पीएफईएमपी-१ नावाचं. मेंदूतल्या बारीक वाहिन्या अशा चिकटलेल्या पेशींनी तुंबल्या की रुग्ण बेशुद्ध होतो.

आता बाहेर आलेलं प्रथिन म्हणजे प्रतिपिंडांना, शरीर रोगाशी लढायला बनवतं त्या प्रथिनांना, आयतीच खूण. प्रतिपिंडं तयार होतात आणि त्या पेशी मारू लागतात. पण परजीवीकडे या प्रथिनाची सुमारे ६० जनुकं असतात. एका वेळी एकच चालू, बाकीची कुलूपबंद. काही मोजक्या परजीवींमध्ये तोवर दुसरं जनुक चालू झालेलं असतं. ते वाचतात, वाढतात, आणि शरीराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शिवाय एका परजीवीची साठ दुसऱ्याच्या साठांशी जुळत नाहीत. एका तापातून कमावलेलं संरक्षण पुढच्या तापात फारसं कामी येत नाही ते यामुळे.

तरीही शरीर हळूहळू शिकतं. १९६१मध्ये सिडनी कोहेन आणि इयन मॅकग्रेगर यांनी गांबियातल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडं हिवतापाने आजारी मुलांना टोचली, आणि मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले. त्या प्रौढांनी वर्षानुवर्षं ताप सोसून ती कमावली होती. तेवढी वर्षं हातात नसलेली मुलं मरतात. २०२३मध्ये जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली, आणि त्यांतही पाच वर्षांखालची मुलं सर्वाधिक.

मला सगळ्यात अस्वस्थ करते ती पहिलटकरणीची गोष्ट. हिवतापाच्या मुलखात वाढलेली बाई, लहानपणीच हा आजार पचवलेली, पहिल्या गरोदरपणात पुन्हा त्याच्या तावडीत सापडते. कारण वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव. वारेच्या पृष्ठभागावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट-ए नावाचा पदार्थ असतो आणि साठांपैकी एक प्रथिन, व्हार-२-सीएसए, नेमकं त्यालाच घट्ट धरतं. आजवर त्या प्रथिनाला जागाच मिळाली नव्हती, म्हणून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडंही नव्हती. वारेत परजीवींची दाटी होते, आईला रक्तक्षय होतो, बाळ कमी वजनाचं जन्मतं. पुढच्या खेपेपर्यंत आईकडे प्रतिपिंडं आलेली असतात. धाकट्याला त्यांचा आधार मिळतो, थोरल्याला मिळालेला नसतो.

परजीवीकडे आणखी एक घराणं आहे, रिफिन प्रथिनांचं. त्यांची जनुकं शंभराहून जास्त. यातली काही प्रथिनं आपल्या रोगप्रतिकारक पेशींवरच्या लेअर-१ या ब्रेकलाच हात घालतात आणि तो दाबून ठेवतात, म्हणजे त्या पेशी थंडावतात. यावर माणसाच्या शरीराने काढलेला तोडगा २०१६मध्ये समोर आला. आफ्रिकेतल्या काही जणांच्या प्रतिपिंडांत खुद्द लेअर-१चाच तुकडा बसलेला आढळला: १९व्या गुणसूत्रावरचा तुकडा १४व्या गुणसूत्रावरच्या प्रतिपिंडाच्या जनुकात. रिफिन ज्याला धरायला धावतं, तेच प्रतिपिंडाच्या टोकाला लावलेलं. अशा एकेका प्रतिपिंडाला रिफिनची बरीच रूपं ओळखता येतात.

पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-२१ लस या साठ रूपांच्या वाटेला जातच नाही. डास चावल्यावर परजीवी यकृतात पोचतो, तेव्हा त्याच्या अंगावर वेगळंच प्रथिन असतं. लस त्याच्यावर बेतलेली आहे. पण त्यातून एखादा जरी निसटून रक्तात उतरला, तरी पुढे पुन्हा तेच साठ जनुकांचं प्रकरण.

पीएफईएमपी-१ला मात्र एक गोष्ट बदलता येत नाही: पकड. गंभीर हिवताप घडवणारी त्याची रूपं वाहिनीच्या भिंतीवरचं ईपीसीआर हे प्रथिन धरतात, आणि ते धरायचं तर त्या जागेचा आकार जवळजवळ तोच ठेवावा लागतो. २०२४मध्ये दोन वेगवेगळ्या व्यक्तींच्या रक्तातून अशी प्रतिपिंडं वेगळी केली गेली, जी नेमक्या याच जागेवर बसतात आणि एकमेकांपासून खूप वेगळ्या दिसणाऱ्या रूपांची पकडही सोडवतात.