राहू, रोहिणी आणि चंद्राची कललेली वाट

बेळगाव, खानापूर, सौंदत्ती परिसरातील मध्ययुगीन शिलालेखांच्या माथ्यावर अनेकदा सूर्य-चंद्र कोरलेले आढळतात. दिलेले दान आचंद्रार्क चालावे, हा त्यामागचा संकेत. कदंब आणि रट्ट राजवटींत अशी दाने पुष्कळदा ग्रहणाच्या पर्वकाळी दिली जात, आणि लेखात ग्रहणाची नोंद असली की अभ्यासकांना गणिताने त्या तिथीची शहानिशा करता येते.

‘दे दान, सुटे गिराण’ ही हाक आठवणारी माणसे सीमाभागात आजही आहेत. तिच्यामागची कथा समुद्रमंथनाची आहे. देवांच्या पंगतीत लपून अमृत प्यालेल्या असुराची चुगली सूर्य-चंद्रांनी केली, विष्णूने त्याचे शिर उडवले, आणि तेव्हापासून शिररूपी राहू त्या दोघांना गिळू पाहतो. इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने मात्र चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्राला झाकते, असे स्वच्छ शब्दांत लिहून ठेवले.

तरीही राहू पंचांगातून गेला नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे हे दोन मार्ग ज्या दोन बिंदूंत छेदतात, त्यांच्याजवळ पौर्णिमा आली तरच चंद्रग्रहण लागते. एरवी पुनवेचा चंद्र छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. गणितींनी या बिंदूंनाच राहू-केतू म्हटले. ते उलट दिशेने सरकत सुमारे १८.६ वर्षांत फेरी पूर्ण करतात. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथाने ग्रहगणिताची आकडेमोड सोपी केली, आणि महाराष्ट्राप्रमाणे कर्नाटकातही पंचांगकर्त्यांनी त्याचा आधार घेतला. सीमाभागातील मराठी आणि कन्नड घरांचा महिनाही एकच, अमावास्येला संपणारा. त्यामुळेच गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात.

दक्षाच्या सत्तावीस कन्यांची कथा याच वाटेवरची आहे. चंद्र एकट्या रोहिणीत रमला म्हणून दक्षाने त्याला क्षयाचा शाप दिला, आणि शंकराच्या कृपेने तो पुन्हा वाढू लागला. चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी घालण्यास सुमारे २७.३ दिवस लागतात. सत्तावीस नक्षत्रांची, म्हणजेच सत्तावीस पत्नींची, बैठक तीच. कला दिसतात त्या मात्र त्याच्या प्रकाशित अर्ध्या भागाचा कमी-अधिक हिस्सा आपल्याकडे वळल्यामुळे, आणि ते चक्र २९.५ दिवसांचे आहे. चंद्रमार्गाच्या त्याच कलामुळे आणि सरकत्या छेदनबिंदूंमुळे, दर १८.६ वर्षांच्या फेरीत काही वर्षे चंद्र रोहिणीच्या तांबूस ताऱ्याला दर महिन्याला झाकतो. २०१५ ते २०१८ या काळात तसे घडले. मघा, चित्रा आणि ज्येष्ठा यांचे ठळक तारेही चंद्राआड जातात, त्यामुळे कथेचा उगम याच दृश्यात आहे असे ठामपणे म्हणणे योग्य होणार नाही.