रूटचा पासवर्ड वाटू नका: प्रत्येक ॲडमिनला स्वतःच्या नावावर अधिकार

एकाच लिनक्स सर्व्हरवर तिघे-चौघे ॲडमिन काम करतात आणि सगळे रूटच्या, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या मूळ खात्याच्या, एकाच पासवर्डने आत येतात, तेव्हा रात्री डेटाबेस कोणी बंद केला हे लॉगवरून कळत नाही. तिथे नाव एकच, रूट. त्यातला एक जण नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदलायचा आणि उरलेल्यांना कळवायचा. तोही बहुधा व्हॉट्सॲपवर!

आम्ही लावून दिलेल्या सर्व्हरवर प्रत्येकाचं खातं वेगळं असतं आणि वरचे अधिकार 'सुडो' या कमांडमधून मिळतात. कमांडच्या आधी सुडो लिहायचं, पासवर्ड स्वतःचाच द्यायचा. त्यासाठी खातं उबुंटू-डेबियनवर 'सुडो' गटात घालतात, रेड हॅटवर 'व्हील' गटात. खात्याचे गट बदलणाऱ्या यूझरमॉड कमांडला कॅपिटल जी (-G) देताना सोबतचा छोटा ए (-a) राहिला, तर ते खातं बाकीच्या जोडगटांतून, म्हणजे मुख्य गटाखेरीजच्या गटांतून, निघून जातं. नवा गट पुढच्या लॉगिनपासून लागू होतो. 'चालत नाही' म्हणून आम्हाला फोन करण्याआधी एकदा लॉगआउट करून पाहा.

कोणाला सुडोने काय चालवता येईल याचे नियम सुडोअर्स फाइलमध्ये असतात. ती साध्या एडिटरने कधीच उघडू नका, 'व्हिसुडो' वापरा. तो जतन करण्याआधी नियमांची मांडणी तपासतो. चुकीच्या ओळीमुळे सुडो सगळ्यांसाठीच बंद पडू शकतं, आणि रूटचा पासवर्डही बंद असेल तर रिकव्हरी मोडमध्ये जावं लागतं. याच नियमांच्या जादा फाइल सुडोअर्स-डी फोल्डरमध्ये ठेवतात; तिथल्या फाइलच्या नावात टिंब असलं तर ती वाचलीच जात नाही, आणि तक्रारही दिसत नाही.

एखाद्याला फक्त वेब सर्व्हर रीस्टार्ट करू देणं सोपं आहे. पण व्हीआय (एडिटर) किंवा लेस (फाइल वाचायचा प्रोग्राम) सुडोने दिलं, तर त्यातूनच रूटचा शेल, म्हणजे रूट म्हणून कमांड द्यायची जागा, उघडता येतो. फाइल बदलायला सुडोएडिट द्या. 'एवढी कमांड सोडून सगळं' हा नियम तर निव्वळ देखावा आहे, कारण तीच कमांड दुसऱ्या नावाने कॉपी करून चालवता येते.

सुडोच्या नोंदी उबुंटूवर ऑथ डॉट लॉगमध्ये, रेड हॅटवर सिक्युअरमध्ये सापडतात. मात्र कोणी सुडोने थेट रूटचा शेल उघडला, तर साधारणपणे तेवढीच एक ओळ उमटते, पुढचं काही नाही. पूर्ण अधिकार असलेला माणूस लॉग पुसूही शकतो, म्हणून लॉगची प्रत लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवावी.

माणूस गेला की नुसता पासवर्ड लॉक करून भागत नाही. एसएसएच की (दुरून पासवर्डशिवाय लॉगिन करायची किल्ली-फाइल) असेल तर तो तरीही आत येतो. खात्याची मुदत संपवा, ती की काढून टाका, आणि त्याच्या नावावरचे क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) तपासा.