नागपुरात शाळेची नवी रोबोटिक्स टीम: पात्रता, कागदपत्रं आणि नोंदणी

टीम करायची ठरली की पहिली धाव किट खरेदीकडे जाते. तसं करू नका. आधी स्पर्धा ठरवा, मग मुलांच्या जन्मतारखा तपासा, शाळेची लेखी परवानगी घ्या आणि किट शेवटी घ्या. टीममध्ये मुलं किती, रोबोट केवढा, बॅटरी कोणती, हे सगळं स्पर्धेच्या नियमांवर ठरतं.

शाळकरी मुलांसाठी दोन वाटा ठळक आहेत. फर्स्ट टेक चॅलेंज १२ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. टीममध्ये १५ पर्यंत मुलं चालतात, पण नोंदणीला दोन प्रौढ कोच लागतात. सुरुवातीला रोबोट १८ इंचांच्या घनात मावायला हवा. हंगाम सप्टेंबरमध्ये उघडतो. दुसरी वाट वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडची, म्हणजे डब्ल्यूआरओची. भारतात ती इंडिया स्टेम फाउंडेशन घेते. पहिल्याच वर्षी १५ मुलं सांभाळणं आणि धातूचा रोबोट उभा करणं जड जातं. म्हणून नव्या शाळेने डब्ल्यूआरओच्या रोबोमिशन गटापासून (यात रोबोट टेबलावरच्या छापील मॅटवर स्वतःच फिरून कामं पूर्ण करतो) सुरुवात करावी, असं आम्ही स्पष्ट सांगतो. पुढची माहिती त्याचीच आहे.

टीममध्ये दोन किंवा तीन मुलं आणि एक कोच असतो. एक मूल आणि एक कोच ही टीम धरत नाहीत. त्यामुळे तिघांचीच नोंदणी करा. दोघांची टीम असली आणि ऐन वेळी एकाला ताप आला, तर दुसऱ्याची सगळी मेहनत वाया जाते. एक मूल एका हंगामात एकाच टीममध्ये खेळू शकतं.

वयोगट तीन आहेत: एलिमेंटरी ८ ते १२, ज्युनिअर ११ ते १५, सीनिअर १४ ते १९. अर्ज सर्वाधिक अडकतात ते इथेच. वय स्पर्धेच्या दिवशीचं धरत नाहीत, त्या कॅलेंडर वर्षात मूल किती वर्षांचं होणार ते धरतात. २०२६ च्या हंगामाचं उदाहरण घ्या. २८ डिसेंबर २०१० चा जन्म असलेला मुलगा सप्टेंबरमध्ये १५ वर्षांचाच असतो, पण नियमाने तो १६ चा, म्हणजे सीनिअर. ४ जानेवारी २०११ ची त्याची वर्गमैत्रीण मात्र ज्युनिअरमध्ये बसते. तेव्हा इयत्ता पाहून टीम पाडू नका, जन्मवर्ष पाहा.

कागदपत्रांत पहिला मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज. त्यात स्पर्धेचं नाव, गट, मुलांची नावं, सरावाचे वार आणि वेळ, जबाबदार शिक्षक आणि अंदाजे खर्च लिहा. त्यावर सही-शिक्क्यासह मंजुरी घ्या. कोच बाहेरचा असेल तर त्याचं पोलीस चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र शाळेने मागावं. या प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. प्रत्येक मुलाचं बोनाफाइड, जन्मदाखला, आधारची प्रत, दोन फोटो आणि पालकांचं संमतीपत्र जमवा. प्रवास, औषधोपचार आणि फोटो काढण्याची संमती या तिन्ही गोष्टी एकाच संमतीपत्रात घ्या.

नाव सगळीकडे अक्षरन् अक्षर सारखं असावं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी, आधारवर शेवटी आणि जन्मदाखल्यावर वडिलांचं नावच नाही, अशी तीन रूपं एकाच मुलाची निघतात. फॉर्ममध्ये जे नाव भराल तेच प्रमाणपत्रावर छापून येतं. दुरुस्ती आधी करून घ्या.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. मे महिन्यात बोनाफाइडसाठी गेलात तर सही करायला कुणी सापडत नाही. जनरल रजिस्टरचा उतारा एप्रिलमध्येच काढून ठेवा. त्यातली जन्मतारीख इयत्ता बदलली तरी बदलत नाही. बोनाफाइड मात्र नव्या इयत्तेचं, शाळा उघडल्यावर घ्या.

पैसे कोचच्या खात्यावर किंवा यूपीआयवर घेऊ नका. वर्गणी असो वा देणगी, ती शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्यात जमा व्हावी आणि पावती तिथूनच मिळावी. देणगीदाराला आयकरात सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) हवी असेल तर संस्थेकडे तशी नोंदणी हवी, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एखाद्या कंपनीकडून सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी थेट घ्यायचा असेल, तर संस्थेचा सीएसआर-१ हा नोंदणी क्रमांक लागतो. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर मुलांना साधनं तिथेच मिळतील. नसेल, तर लॅब असलेल्या जवळच्या शाळेला मुख्याध्यापकांमार्फत लेखी विनंती करा.

सरावाचं टेबल मात्र स्वतःचं हवं. मॅटचं माप २३६२ बाय ११४३ मिमी, म्हणजे आठ बाय चार फुटी एका प्लायमध्ये चारही बाजूंनी सुमारे ३८ मिमी जागा उरते. लकडगंजातून प्लाय आणि ५० मिमी उंचीच्या कडेच्या पट्ट्या कापून आणल्या की काम झालं. मॅट फ्लेक्सवाल्याकडे छापताना ‘फिट टू पेज’ करू देऊ नका. छापून आल्यावर तिथेच टेप लावून मोजा. एक टक्का आकसली तरी लांबीत २४ मिमी जातात आणि रोबोट दुसऱ्याच चौकोनात थांबतो. छपाई बिनचकाकीच्या (मॅट) फिनिशमध्येच हवी. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइटचा झगमगाट पडला की रंगाचा सेन्सर काळी रेघ पांढरी वाचतो.

रोबोट सुरुवातीला वायरींसकट २५० मिमीच्या घनात मावला पाहिजे. पुठ्ठ्याची तेवढी चौकट करून रोज त्यात ठेवून बघा. स्पर्धेच्या दिवशी कोचला रोबोटला हात लावता येत नाही.  त्यामुळे जोडणी तिघांनाही पाठ हवी.

राष्ट्रीय फेरी जिंकल्यावर आंतरराष्ट्रीय फेरीपर्यंत वेळ कमी उरतो. पासपोर्ट आधीच काढा. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आई-वडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट डी लागतं. एका पालकाची संमती मिळत नसेल तर अर्ज करणाऱ्या पालकाने परिशिष्ट सी द्यायचं असतं.