फर की स्प्रूस? करवत लावण्याआधी सुई तपासा

अमेरिकेत ख्रिसमस ट्री स्वतः कापून आणायच्या फार्मवर फर आणि स्प्रूसची झाडं शेजारीशेजारच्या रांगांत उभी असतात. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो घरी, सुया गळायला लागल्यावर.

एक सुई तोडा आणि चिमटीत फिरवून पाहा. स्प्रूसची सुई चौधारी असते. ती सहज गोल फिरते आणि टोचते. फरची चपटी, बोथट टोकाची. ती फिरत नाही. तरीही शंका असेल तर सुया गळालेल्या फांदीवरून बोट फिरवा. स्प्रूसची प्रत्येक सुई एका बारीक लाकडी खुंटीवर बसलेली असते. सुई गळली तरी खुंटी राहते, म्हणून फांदी खरखरीत लागते. फरच्या फांदीवर नुसता गोल, सपाट वण उरतो. डग्लस फर मात्र नावापुरताच फर. त्याची शंकूफळं खाली लोंबतात, खऱ्या फरची फांदीवर ताठ उभी असतात. (आपल्याकडे ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीत मिळतो तो अराउकारिया या दोघांपैकी कुणीच नव्हे.)

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतच झाड आणायचं असेल तर फरच घ्या. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांतला फ्रेझर फर पाणी नीट मिळालं तर महिनाभर सुया धरून ठेवतो. हीटिंग चालू असलेल्या घरात स्प्रूस त्याच्या बराच आधी झडू लागतो. तो डिसेंबरच्या मध्यानंतर कापलेला बरा. जड शोभेच्या वस्तू टांगायच्या असतील तर ब्लू स्प्रूसच्या ताठ फांद्या उत्तम, पण सजवताना हातमोजे हवेत.

उंची घरूनच ठरवून जा: छतापेक्षा फूटभर कमी. मोकळ्या शेतात झाड हमखास लहान वाटतं. एकाने जमिनीलगत करवत चालवावी, दुसऱ्याने झाड कापाच्या विरुद्ध बाजूला हलकेच ओढून धरावं, नाहीतर बुंध्याच्या वजनाखाली पातं अडकतं.

घरी पोचल्यावर झाड लगेच पाणी भरलेल्या स्टँडमध्ये ठेवा. बुंध्याच्या दर इंच व्यासाला रोज साधारण एक लिटर पाणी धरा. पाण्याची पातळी कापाच्या खाली गेली तर कापावर राळ सुकते आणि झाड पाणी ओढत नाही. मग झाड उतरवून अर्धा-एक इंचाची नवी चकती कापावीच लागते. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून बुंधा मात्र तासू नका. पाणी मुख्यतः सालीखालच्या बाहेरच्या लाकडातूनच वर चढतं. मोठा स्टँड आणा.