क्रॉसओव्हर टीम ग्रे कपपर्यंत का पोचत नाही : पार्श्वभूमी

सीएफएल म्हणजे कॅनडाची फुटबॉल लीग, अमेरिकन फुटबॉलसारखा बॉल हातात घेऊन धावायचा खेळ. तिच्यात ईस्ट आणि वेस्ट अशा दोन डिव्हिजन, म्हणजे गट. प्रत्येकातल्या तीन टीम प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जातात: दुसरी आणि तिसरी सेमी खेळतात, जिंकणारी पहिलीशी डिव्हिजनची फायनल खेळते, आणि दोन्हीकडच्या विजेत्यांची शेवटची मॅच म्हणजे ग्रे कप. एका डिव्हिजनची चौथी टीम पॉइंटमध्ये पुढे असली तर ती दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तिसरीच्या जागी खेळते, ते क्रॉसओव्हर. २०२५ ला विनिपेग वेस्टमध्ये चौथी आली आणि अशीच ईस्टच्या प्लेऑफमध्ये शिरली तेव्हा परत तीच चर्चा सुरू झाली, की क्रॉसओव्हर टीमला कप जिंकायचा खरंच काही चान्स असतो का. आकडे सगळ्यांना तोंडपाठ आहेत. १९९७ पासून १३ वेळा क्रॉसओव्हर झालं, तेराही वेळा वेस्टची टीम ईस्टकडे गेली, त्यातल्या ५ जणींनी सेमी जिंकली आणि पाचही जणी ईस्ट फायनलला हरल्या. ग्रे कप खेळलेली क्रॉसओव्हर टीम एकही नाही.

हे आकडे बघून लोक लगेच शाप वगैरे म्हणायला लागतात, पण मागचा इतिहास बघितला तर नियम कसा बनलाय त्यातच बरंचसं उत्तर आहे.

आधी ‘क्रॉसओव्हर’ या शब्दाचा गुंता सोडवू, कारण अर्धे वाद तिथेच होतात. १९८६ ला सीझन १६ वरून १८ मॅचचा झाला आणि त्याच वर्षी नियम आला की एका डिव्हिजनच्या चौथ्या टीमचे पॉइंट दुसऱ्या डिव्हिजनच्या तिसऱ्या टीमपेक्षा जास्त असतील तर प्लेऑफची ती जागा चौथ्या टीमला. कॅल्गरी ११ मॅच जिंकून वेस्टमध्ये चौथी होती, आणि ईस्टमधली पहिली टोरांटो १० च जिंकली होती, तिसऱ्या मॉन्ट्रियलच्या तर चारच. पण कॅल्गरी ईस्टला गेलीच नाही. ती वेस्टमध्येच राहिली, एडमंटनशी खेळली आणि हरली, तिकडे ईस्टमध्ये टोरांटो आणि हॅमिल्टन या दोनच टीमनी दोन मॅचची बेरीज करून निकाल लावला. म्हणजे जागा इकडून तिकडे गेली, टीम नाही गेली. त्याला क्रॉसओव्हर म्हणायचं का? मला विचाराल तर नाही, कारण पलीकडे कोणी गेलंच नाही. आणि त्या वर्षी कप कोणी नेला, तर त्याच दोन टीमच्या ईस्टमधून आलेल्या हॅमिल्टनने, तोही एडमंटनला ३९-१५ हरवून. वेस्टच्या चार टीम एकमेकींशी झुंजून दमल्या हे तेव्हापासूनचं रडगाणं आहे आणि ते अगदीच खोटं नाही.

दुसरा गुंता १९९५ चा. तेव्हा अमेरिकेतल्या टीम होत्या त्यामुळे ईस्ट-वेस्टऐवजी नॉर्थ-साउथ होतं, नॉर्थला आठ टीम आणि साउथला पाच. नॉर्थमधली पाचवी विनिपेग साउथच्या बाजूने खेळली आणि बाल्टिमोरकडून ३६-२१ हरली. इथे टीम खरंच पलीकडे गेली, पण पॉइंटची तुलना करून नाही, नॉर्थच्या पाच आणि साउथच्या तीन अशी वाटणीच होती. म्हणून २०२५ ला ‘विनिपेगचं पहिलं क्रॉसओव्हर’ म्हटलं की कोणीतरी १९९५ काढतंच. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, पण आज आपण ज्या अर्थाने शब्द वापरतो त्याची मोजणी १९९७ पासूनच करायला हवी.

१९९७ का, तर अमेरिकन टीम १९९५ नंतर गेल्या, १९९६ नंतर ओटावाची जुनी टीम बंद पडली आणि दोन्हीकडे चार-चार टीम उरल्या. त्यासाठी विनिपेगला वेस्टमधून उचलून ईस्टमध्ये ठेवलं. विनिपेगचं हे कायमचंच आहे, मॉन्ट्रियल बंद पडली की ईस्टला जा, ओटावाला नवी टीम आली की वेस्टला जा, ती बुडाली की परत ईस्टला, आणि २०१४ ला ओटावा तिसऱ्यांदा उभी राहिल्यावर परत वेस्टला. देशाच्या बरोबर मधे असल्याची ही किंमत. ईस्टला टीम टिकत नाहीत आणि वेस्टला टिकतात, क्रॉसओव्हरचं मूळ खरं इथे आहे. सहा जागा दोघांत सारख्या वाटायच्या आणि एका बाजूला चार टीम, दुसऱ्या बाजूला पाच, मग चांगली टीम बाहेर राहणारच, त्यावर हा उतारा.

पहिली गेली व्हँकुव्हरची बीसी, ८-१० (८ विजय, १० हार) असा रेकॉर्ड घेऊन, आणि मॉन्ट्रियलकडून ४५-३५ हरली. २००२ ला सस्कॅचेवान, २००३ ला परत बीसी, २००५ ला परत सस्कॅचेवान, सगळ्या पहिलीच मॅच हरून परत. यातली २००३ ची बीसी लक्षात ठेवण्यासारखी आहे कारण ती ११-७ होती आणि ९-९ वाल्या टोरांटोकडे जाऊन २८-७ हरली. पहिला विजय २००८ ला एडमंटनचा, विनिपेगमध्ये २९-२१. पुढच्याच वर्षी बीसीने हॅमिल्टनला ओव्हरटाइममध्ये हरवलं, पण ईस्ट फायनलला मॉन्ट्रियलने ५६-१८ असा धुव्वा उडवला. २०१२ आणि २०१४ च्या टीमबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मोठ्या फरकाने हरल्या.

खरी गंमत २०१६ पासून. त्या वर्षी ईस्ट इतकी कमकुवत होती की पहिल्या नंबरची ओटावा ८-९-१ होती (शेवटचा आकडा बरोबरीचा), १७ पॉइंट; विजयाला दोन, बरोबरीला एक. एडमंटन वेस्टमध्ये चौथी, १०-८, २० पॉइंट. म्हणजे अख्ख्या ईस्टमध्ये एडमंटनपेक्षा चांगली टीमच नव्हती, तरी ती तिसऱ्या नंबरची पाहुणी म्हणून गेली. ७-११ वाल्या हॅमिल्टनला सेमी घरच्या मैदानावर मिळाली, ओटावाला आठवडाभर विश्रांती आणि फायनलही घरी. एडमंटनने हॅमिल्टनला २४-२१ हरवलं, मग ओटावात जाऊन बर्फात खेळावं लागलं. जोरदार बर्फ पडत होता, मैदानावरच्या रेषा दिसत नव्हत्या, माणसं फावडी घेऊन यार्डाच्या खुणा मोकळ्या करत होती, पास धरणं अवघड होतं, आणि ओटावाच्या राखीव रनिंग बॅकने (बॉल घेऊन धावणारा खेळाडू) दीडशेवर यार्ड धावून मॅच काढली, ३५-२३. तीच ओटावा पुढे १५-२-१ वाल्या कॅल्गरीला हरवून कप घेऊन गेली. ओटावाचं कौतुक आहेच, पण ती फायनल एडमंटनच्या मैदानावर झाली असती तर, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

यावर ईस्टवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं, की होम मॅच डिव्हिजनमध्ये कमावायची असते, पाहुण्याने यजमानाच्या ताटावर बसू नये, आणि ग्रे कप म्हणजे ईस्ट विरुद्ध वेस्ट ही परंपरा आहे. २०१६ ला एडमंटन जिंकली असती तर टोरांटोच्या मैदानावर कॅल्गरी विरुद्ध एडमंटन अशी अल्बर्टा प्रांतातल्याच दोन टीमची ग्रे कप झाली असती आणि त्यात एडमंटनला ईस्ट चॅम्पियन म्हणावं लागलं असतं. परंपरेचा मुद्दा मी समजू शकतो. पण मग नियमाच्या अटी तरी बघा: पॉइंट सारखे असतील तर चालत नाही, स्पष्ट जास्तच पाहिजेत, आणि कितीही चांगली टीम असली तरी तिला जागा तिसरीच.

आणि सगळ्यात वादाचा भाग म्हणजे एकच टीम जाऊ शकते. २०१८ ला हे उघडं पडलं. वेस्टमध्ये बीसी आणि एडमंटन दोघी ९-९, टायब्रेकरवर बीसी चौथी आणि एडमंटन पाचवी. ईस्टमध्ये दुसरी हॅमिल्टन ८-१०, तिसरी मॉन्ट्रियल ५-१३. मॉन्ट्रियलची जागा बीसीला गेली. एडमंटनचे पॉइंट हॅमिल्टनपेक्षा दोनने जास्त, तरी एडमंटन प्लेऑफबाहेर आणि हॅमिल्टनला होम सेमी. त्या वर्षी ग्रे कप एडमंटनमध्येच होता हे वर. हॅमिल्टनने बीसीला ४८-८ हरवलं म्हणून लोक म्हणाले बघा, वेस्टचे उगाच ओरडतात. पण एका मॅचच्या स्कोअरवरून नियम योग्य ठरत नाही. तुलना पॉइंटने करायची असं एकदा ठरवलं तर ती तिसऱ्या जागेपाशीच का थांबवायची, याचं पटणारं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

सगळ्यात जवळ पोचली ती २०१७ ची सस्कॅचेवान. सेमीला ओटावाला ३१-२०, मग टोरांटोत ईस्ट फायनल. शेवटच्या काही मिनिटांत समोरच्यांनी लांब किक मारलेला बॉल (पंट) पकडून थेट त्यांच्या टोकापर्यंत धावत नेला, म्हणजे टचडाउन केला, आणि सस्कॅचेवान २१-१८ पुढे. पहिल्यांदाच क्रॉसओव्हर टीम ग्रे कपला जाणार असं वाटत होतं, आणि टोरांटोने मैदानभर बॉल नेत शेवटच्या अर्ध्या मिनिटात एका यार्डावरून तो आत घुसवला, २५-२१. हातातोंडाशी आलेला घास गेला. टोरांटो पुढे कप जिंकली.

आता चान्सचा हिशोब. समजा बाहेरच्या मैदानावर जिंकायची शक्यता ४० टक्के धरली, जी मला रास्त वाटते, तर दोन मॅच ओळीने जिंकायची शक्यता १६ टक्के, आणि ग्रे कप निम्मा-निम्मा धरला तर कप जिंकायची ८ टक्के. सेमीचा खरा रेकॉर्ड १३ पैकी ५, म्हणजे ३८ टक्के, अंदाजाला धरूनच आहे. १६ टक्क्यांच्या हिशोबाने १३ टीमपैकी दोन तरी ग्रे कपला जायला हव्या होत्या, पण एकही न जाण्याची शक्यतासुद्धा साधारण १० टक्के निघते. तेव्हा शाप वगैरे काही नाही, थोडं नशीब वाईट आणि बाकी बाहेर खेळण्याची किंमत.

कोणी म्हणेल वेस्टची तिसरी टीमसुद्धा बाहेरच खेळते की, आणि ती जिंकलेली आहे. बरोबर. २००० ची बीसी ८-१० असून जिंकली, २००५ ची एडमंटन जिंकली, २०१९ ची विनिपेग कॅल्गरी आणि सस्कॅचेवानला त्यांच्याच घरी हरवून गेली आणि मग कप. पण त्याच २०१९ ला क्रॉसओव्हर एडमंटन आधी मॉन्ट्रियलला गेली, तिथे ३७-२९ जिंकली, आणि मग १५-३ वाल्या, विश्रांती घेतलेल्या हॅमिल्टनकडून ३६-१६ हरली. वेस्टमधल्या वेस्टमध्ये फिरणं आणि दोन आठवडे ओळीने पूर्वेला जाणं यात फरक आहे. व्हँकुव्हरच्या माणसासाठी मॉन्ट्रियलची दुपारची एक म्हणजे सकाळचे दहा. बीसी पाच वेळा गेली आणि एकदाच सेमी जिंकली, एडमंटन चार वेळा गेली आणि तीनदा जिंकली. आकडे थोडे आहेत म्हणून मी यावरून छातीठोकपणे काही सांगणार नाही, पण अंतराचा काहीच संबंध नाही असंही मानणार नाही.

२०२५ ची विनिपेग तर १०-८ होती आणि मॉन्ट्रियलसुद्धा १०-८. ईस्टची तिसरी टोरांटो ५-१३, म्हणजे विनिपेगचे पॉइंट तिच्या दुप्पट. त्याआधीचे पाच ग्रे कप ओळीने खेळलेली टीम, आणि या वेळचा कप विनिपेगच्याच स्टेडियममध्ये. १ नोव्हेंबरला मॉन्ट्रियलमध्ये ४२-३३ हरले. मॉन्ट्रियलने पुढे हॅमिल्टनला हरवलं, आणि १६ नोव्हेंबरला विनिपेगच्या त्या मैदानावर सस्कॅचेवानसमोर मॉन्ट्रियल उतरली.