नाचावर रिसर्च म्हणजे नक्की काय? या वादामागचा शंभर वर्षांचा इतिहास

कोणी नृत्यात पीएचडी करतंय असं कळलं की समोरून हमखास एक प्रश्न येतो, म्हणजे शेवटी नाचून दाखवायचं की लिहून द्यायचं? विचारणारा सहज विचारून जातो पण प्रश्न अजिबात फालतू नाहीये, याच्यावर विद्यापीठांमध्ये शंभरेक वर्षं खल चाललाय आणि अजूनही प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं मिळतं. शरीराने जे कळतं त्याला ज्ञान म्हणायचं का, आणि म्हणायचं तर नाच संपल्यावर पुरावा म्हणून हातात काय उरतं, मूळ भांडण हे आहे.

मला वाटतं हे भांडण समजून घ्यायचं तर नृत्य विद्यापीठात कुठून शिरलं ते आधी बघायला हवं, कारण ते नृत्य म्हणून सरळ आलंच नाही, कधी शारीरिक शिक्षणाच्या तासाला आलं, कधी मानववंशशास्त्राच्या फिल्डवर्कमधून तर कधी शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजांमधून, आणि ज्या डिपार्टमेंटने आत घेतलं त्या डिपार्टमेंटचे प्रश्न त्याला चिकटले ते चिकटलेच.

नाचाबद्दल लिहिणं तसं फार जुनं आहे. नाट्यशास्त्रात 108 करणं, म्हणजे नाचाची ठराविक मूळ एककं, सांगितली आहेत, फ्रान्समध्ये 1589 साली आर्बो नावाच्या धर्मगुरूने त्या काळच्या नाचांचं पुस्तक काढलं, 1700 मध्ये फये नावाच्या नृत्यशिक्षकाने पावलांच्या वाटा कागदावर रेषांनी दाखवायची पद्धत छापली. पण ही सगळी पुस्तकं नाच कसा करायचा हे सांगणारी. माणसं का नाचतात, नाचताना शिकणाऱ्याच्या आत काय घडतं, समाज नाचातून काय बोलतो, असे प्रश्न विद्यापीठात यायला विसावं शतक उजाडावं लागलं.

पहिला ठळक टप्पा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातला. मार्गारेट हडब्लर या बाई बायोलॉजीच्या पदवीधर, मुलींना बास्केटबॉल शिकवायच्या, स्टेजवर नाचणाऱ्या कलाकार त्या कधीच नव्हत्या. 1916 ला त्या न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेल्या (शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई तेव्हा तिथेच होते आणि करून शिकण्याच्या त्यांच्या विचारांचा बाईंवर पुढे कायम प्रभाव राहिला) तेव्हा त्यांच्या विभागप्रमुखांनी सांगून ठेवलं होतं की कॉलेजच्या मुलींना शिकवण्याच्या लायकीचं काही नृत्य तिकडे सापडतंय का बघ. बाईंना बरंच काही बघूनही पटेना. मग एका संगीत शिक्षिकेच्या वर्गात मुलांना जमिनीवर झोपवून हालचाल करायला लावतात हे त्यांनी पाहिलं आणि त्यांची ट्यूब पेटली, की उभं राहिलं की शरीराचं अर्धं लक्ष तोल सांभाळण्यात जातं, आडवं झालं की कुठला सांधा कसा वळतो ते ज्याचं त्याला शोधता येतं. 1917 च्या उन्हाळ्यात परत येऊन त्यांनी तसेच वर्ग सुरू केले. वर्गात हाडांचा सांगाडा ठेवलेला, कधी मुलींच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची म्हणजे शेजारणीची नक्कल व्हायला नको, आणि स्वतः करून दाखवणं बाई मुद्दाम टाळायच्या. 1926 मध्ये तिथे नृत्याची डिग्री सुरू झाली, अमेरिकेतली पहिली. पण ती होती मुलींच्या शारीरिक शिक्षण विभागात!

हे खूप महत्त्वाचंय. कारण पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत नृत्य त्याच विभागात राहिलं आणि मग त्याच्यावरच्या अभ्यासात प्रश्न पण तसेच आले, नाचाने तब्येत सुधारते का, शरीराची ठेवण सुधारते का, मुलींचं व्यक्तिमत्त्व खुलतं का वगैरे. नाचाने काय फायदा होतो ते मोजायचं, पण खुद्द नाचाकडे कोणी बघायचं नाही. 1934 पासून बेनिंग्टन कॉलेजात मार्था हिल यांनी उन्हाळी शिबिरं सुरू केली, तिथे मार्था ग्रॅहम, डोरिस हम्फ्री असे मोठे कलाकार शिकवायचे आणि शिकायला येणाऱ्यांमध्ये मोठा भरणा कॉलेजांमधल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकांचा, त्या परत जाऊन आपापल्या कॉलेजात तेच शिकवायला लागल्या. असं करत करत मॉडर्न डान्स, म्हणजे बॅलेची चौकट सोडलेलं नृत्य, देशभर पसरला आणि नृत्य ही कला म्हणून शिकवायची गोष्ट आहे हा विचार जोर धरायला लागला.

युरोपात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. रुडॉल्फ लाबान या नृत्यदिग्दर्शकाने 1928 मध्ये हालचाल लिहून ठेवायची एक पद्धत मांडली, आज तिला लाबानोटेशन म्हणतात. तिची गंमत अशी की ती खालून वर वाचतात. मधे एक उभी रेष, तिच्या डावीकडे शरीराची डावी बाजू आणि उजवीकडे उजवी, चिन्हाचा आकार दिशा सांगतो, चिन्ह जितकं लांब तितका वेळ, आणि आतलं भरण पातळी सांगतं, म्हणजे पूर्ण काळं असेल तर खाली, मधे टिंब असेल तर मधल्या उंचीवर, तिरप्या रेघा असतील तर वर. एका चिन्हात एवढं सगळं! ज्यांना नाच पुरावा म्हणून जपायचा होता त्यांना यातून मोठा आधार मिळाला, न्यूयॉर्कमध्ये 1940 ला डान्स नोटेशन ब्युरो निघाला तो याच कामासाठी. लाबान यांच्याबद्दल बोलताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये, जर्मनीत नाझी सरकारच्या प्रचार खात्याखाली त्यांनी काही वर्षं काम केलंय, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी बसवलेला त्यांचा मोठा समूहनृत्याचा कार्यक्रम प्रचारमंत्री गोबेल्सने ऐनवेळी रद्द केला, मग लाबान सरकारच्या मर्जीतून उतरले आणि देश सोडून 1938 ला इंग्लंडला पोचले. तिथे युद्धाच्या काळात त्यांनी लॉरेन्स नावाच्या इंडस्ट्रियल कन्सल्टंटबरोबर कारखान्यातल्या कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला, आणि 1948 मध्ये शाळेतल्या मुलांच्या नृत्यशिक्षणावर पुस्तक लिहिलं. वजन, जागा, वेळ आणि प्रवाह या चार गोष्टींवर कुठलीही हालचाल तपासता येते ही त्यांची मांडणी, आणि युद्धानंतर इंग्लंडच्या शिक्षक प्रशिक्षणात ती खोलवर रुजली. नृत्य आणि शिक्षणशास्त्र यांची पक्की गाठ बसली ती इथे.

आता समाजशास्त्रांकडे येऊ, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचंय.

1922 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी अंदमानच्या लोकांवर लिहिताना म्हटलं होतं की एकत्र नाचल्यामुळे समाजात ऐक्य तयार होतं. ऐकायला छान आहे. पण 1928 मध्ये दुसरे मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी आफ्रिकेतल्या अझांदे लोकांच्या एका नाचावर लेख लिहिला आणि दाखवलं की बाबांनो, या नाचात भांडणं पण होतात, मुख्य गाणारा कोण, पुढे कोण, यावरून चढाओढ असते. मला हा लेख फार मोलाचा वाटतो कारण त्यात नाच बघून आधीच ठरवलेला सिद्धांत त्याच्यावर लादलेला नाही, कोण कुठे उभं राहतं, ढोल कोण वाजवतं, हे आधी नीट पाहिलंय.

मग 1934 मध्ये पॅरिसला समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी एक भाषण दिलं. न्यूयॉर्कला ते आजारी पडून हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा तिथल्या नर्सेसची चाल बघून त्यांना वाटलं की असं चालणं आपण कुठेतरी पाहिलंय, मग आठवलं, सिनेमात! आणि फ्रान्सला परत आल्यावर पॅरिसमधल्या मुली पण तशाच चालताना दिसायला लागल्या. म्हणजे चालणं, पोहणं, बसणं या गोष्टी सुद्धा समाज शिकवतो, त्या नुसत्या निसर्गाने येत नाहीत. मॉस नृत्याचे अभ्यासक नव्हते, पण शरीर हे समाजशास्त्राचं मटेरियल आहे हे त्यांनी ज्या सहजपणे दाखवलं त्यावर पुढच्या कित्येकांचं काम उभं आहे.

या सगळ्यांपैकी कोणीही स्वतः नाचणारं नव्हतं. तो फरक कॅथरीन डनहॅम यांनी पाडला. शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकणारी ही कृष्णवर्णीय मुलगी डान्सर पण होती आणि 1935 मध्ये रोझेनवाल्ड फंडाची फेलोशिप मागायला गेली. मुलाखतीत विचारलं की नक्की काय करायचंय, तर तिने तिथल्या तिथे वरचा सूट उतरवून आत घातलेल्या नाचाच्या कपड्यांत नाचून दाखवलं अशी गोष्ट सांगतात. फेलोशिप मिळाली. हर्सकोविट्स या मानववंशशास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली डनहॅम कॅरिबियनला गेल्या, जमैकातल्या अकाँपाँग गावात राहिल्या, हैतीत वोडू पंथाची दीक्षा घेतली, आणि लोकांबरोबर नाचल्या. बाहेर वही घेऊन बसलेल्याला जे दिसणार नाही ते त्यांना नाचल्यामुळे कळलं, आणि लोकांनीही आपली समजून जे दाखवलं ते दुसऱ्या कोणाला दाखवलं नसतं. पुढे त्यांनी या सगळ्यातून स्वतःची नृत्यपद्धत उभी केली, कंपनी काढली, जगभर फिरल्या. पण हैतीच्या नाचांवरचा त्यांचा अभ्यास बघा, 1947 मध्ये मेक्सिकोत छापला गेला, 1957 मध्ये फ्रेंचमध्ये आला आणि अमेरिकेत पुस्तक म्हणून थेट 1983 ला! त्यांच्या स्वतःच्या देशात यायला एवढी वर्षं लागली. स्टेजवर टाळ्या मिळत होत्या पण रिसर्चर म्हणून त्यांना गंभीरपणे घ्यायला विद्यापीठांना पिढी जावी लागली हे मला आजही खटकतं.

साधारण त्याच सुमारास मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन हे मानववंशशास्त्रज्ञ बालीमध्ये होते, त्यांनी जवळपास 25,000 फोटो आणि 22,000 फूट फिल्म काढली. तेव्हापासून कॅमेरा हा नृत्याच्या अभ्यासातला नेहमीचा साथीदार झाला, पण कॅमेरा एका बाजूनेच बघतो आणि नाचणाऱ्याला आतून काय जाणवतं ते त्यात येत नाही, त्यामुळे भांडण काही मिटलं नाही.

मोठा धक्का 1970 च्या आसपास आला. जोॲन केआलीइनोहोमोकु या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी एक लेख लिहून विचारलं की आपण बाकीच्यांच्या नाचांना जमातीचे, वंशाचे नाच म्हणतो मग बॅलेला का नाही? बॅलेत पण ठराविक संस्कृतीचे राजेराजकन्या आहेत, प्रेमात झुरणाऱ्या नायिका आहेत, पडदा, टाळ्या, शेवटी फुलांचे गुच्छ आहेत, म्हणजे तो पण एका विशिष्ट समाजाचाच नाच झाला की. हा लेख आज जवळजवळ प्रत्येक कोर्समध्ये वाचायला लावतात आणि लावायलाच हवा, कारण त्याच्याआधीचे जगाच्या नृत्याचे इतिहास बघितले तर आफ्रिका, आशिया, पॅसिफिक हे सगळं आदिम म्हणून सुरुवातीला उरकून टाकायचं आणि मग युरोपकडे जायचं असाच प्रकार होता. त्याच काळात एड्रियन केप्लर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी टोंगा बेटांवरच्या नाचाचं भाषाशास्त्राच्या पद्धतीने विश्लेषण केलं, सगळ्यात छोटे हालचालींचे तुकडे कुठले, ते जोडले कसे जातात, आणि हे सगळं तिथल्या लोकांनाच विचारून.

भारतात कलेच्या अभ्यासक कपिला वात्स्यायन यांनी 1968 च्या ग्रंथात संस्कृत साहित्य, शिल्प आणि नृत्य एकमेकांशेजारी ठेवून वाचले. आणि भरतनाट्यम नर्तकी पद्मा सुब्रह्मण्यम यांनी करणांवर जे काम केलं ते तर आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. चिदंबरमच्या मंदिरातली शिल्पं पाहून लोक करण म्हणजे एक पोझ समजायचे, सुब्रह्मण्यम यांनी ग्रंथातलं वर्णन आणि शिल्प घेऊन स्वतःच्या शरीरावर करून बघितलं आणि म्हटलं की करण ही पूर्ण हालचाल आहे, शिल्पकाराने तिच्यातला एक क्षण पकडलाय. हे नुसतं वाचून निघालं नसतं, त्यासाठी नाचणारं शरीरच लागतं.

संस्था पण याच दरम्यान उभ्या राहिल्या. 1960 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत नृत्य संशोधनाची पहिली मोठी समिती निघाली, 1978 मध्ये नृत्य इतिहासकारांची वेगळी संस्था, आणि 2017 मध्ये दोन्ही एकत्र होऊन डान्स स्टडीज असोसिएशन झाली.

शिक्षणशास्त्रात वाद जरा उशिरा पेटला पण चांगलाच पेटला. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये बुद्धिमत्ता एकच नसते असं मांडलं आणि त्यात शरीराची बुद्धिमत्ता पण धरली, नृत्य शिक्षकांना यामुळे केवढा आधार मिळाला हे सांगायलाच नको. दुसरीकडे स्टॅनफोर्डचे एलियट आयझनर, हे मूळचे चित्रकार, म्हणायला लागले की कला हा नुसता रिसर्चचा विषय नाही, रिसर्च करायची पद्धत पण होऊ शकते. 1996 मध्ये दोघे एका परिषदेत समोरासमोर आले, विषय होता शिक्षणशास्त्राची पीएचडी म्हणून कादंबरी चालेल का. आयझनर म्हणाले चालेल, गार्डनर म्हणाले नाही. म्हणजे शरीराची बुद्धिमत्ता मानणाराच थिसिसच्या बाबतीत मागे हटला, आणि मला त्यांची अडचण कळते सुद्धा, कारण मग परीक्षकाने तपासायचं कशावर, दुसऱ्या कोणाला तो दावा खोडून काढायचा असेल तर कसा खोडायचा? पण माझा कल आयझनर यांच्याकडेच आहे.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न प्रॅक्टिस ॲज रिसर्च, म्हणजे कला सादर करणं हेच संशोधन, या नावाने पुढे आला, ब्रिस्टल विद्यापीठात 2001 ते 2006 या काळात त्यावर मोठा प्रकल्प चालला. त्यातून बऱ्याच ठिकाणी असा मधला मार्ग रूढ झाला की प्रयोग सादर करायचा, परीक्षकांनी तो प्रत्यक्ष बघायचा, आणि सोबत नेहमीपेक्षा छोटा लेखी भाग द्यायचा. लेखी भाग नक्की किती मोठा हवा यावर आजही विद्यापीठागणिक नियम वेगळे.

2009 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथ यांच्या एका नृत्यावर काम झालं, 17 नर्तक आणि 20 टेबलं असलेलं हे नृत्य, आणि त्याच्यावर नृत्य विभागासोबत भूगोल, संख्याशास्त्र, आर्किटेक्चर आणि कॉम्प्युटरवाली मंडळी बसली. कोण कुठून कुठे गेलं हा डेटा त्यांनी व्हिडिओवरून काढला. पण कोण कोणाला इशारा देतं, कुठल्या क्षणी कोणाची हालचाल कोणाशी जुळते, हे व्हिडिओ बघून पुरतं कळण्यासारखं नव्हतं, त्यामुळे तो सगळा डेटा नर्तकांना विचारून भरावा लागला.