गिब्सन, अलेक्झांडर

गिब्सन, अलेक्झांडर (१८००–१८६७) : ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील शल्यवैद्य, पुण्याजवळील दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक आणि इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. जन्म स्कॉटलंडमधील लॉरेन्सकर्क येथे, वैद्यकीय शिक्षण एडिंबरोला. औषधे बहुतांशी झाडपाल्यातूनच येत असल्याने त्या काळी डॉक्टरला वनस्पतिशास्त्र शिकावेच लागे. कंपनीच्या बागा शल्यवैद्यांच्या हाती गेल्या त्या यामुळेच.

१८२५ मध्ये ते कंपनीच्या नोकरीत आले आणि पुढे दख्खन व खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर फिरले. लस साठवून ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव पुढच्या गावातल्या मुलाला टोचायचा. ही साखळी तुटली तर काम ठप्प. अनोळखी माणसाच्या हाती आईने मूल द्यावे, तर तिच्या भाषेत बोलता यायलाच हवे. गिब्सन मराठी शिकले, शिवाय हिंदुस्थानी आणि गुजरातीही.

१८३८ मध्ये त्यांच्याकडे दापोडीची बाग आली. पवना नदीकाठी कॅप्टन फोर्ड यांच्या बंगल्याच्या आवारात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ती १८२८ मध्ये सुरू केली होती. जुन्नर भागातील हिवरे येथेही औषधी वनस्पतींची बाग होती. सरकारी दवाखान्यांना लागणारी औषधे विलायतेहून मागवण्यापेक्षा इथेच तयार व्हावीत, हा त्यामागचा रोकडा हिशेब. वेदना शमवण्यासाठी दिला जाणारा खुरासानी ओव्याचा अर्क तिथे निघे.

पण गिब्सन यांचे खरे काम बागेच्या कुंपणाबाहेरचे आहे. कोकणात डोंगरउतारावरची झाडे तोडून जाळायची, राखेत नाचणी-वरी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची, ही कुमरी शेती. उघड्या पडलेल्या उतारांची माती वाहून येते आणि खाड्या गाळाने भरतात, हे त्यांनी सरकारला कळवले. १८४७ मध्ये ते वनसंरक्षक झाले. कंपनीला त्यांचे म्हणणे पटले, त्यात मुंबईच्या गोदीला लागणाऱ्या सागवानाचाही वाटा होता. बंधनांची झळ मात्र डोंगरातल्या कुमरी करणाऱ्यांनाच बसली. गिब्सन यांच्या दूरदृष्टीचे कौतुक करताना ही बाजू सहसा गाळली जाते.

१८६० मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल डॅल्झेल यांच्यासह लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोरांटीच्या कुळातील ‘बार्लेरिया गिब्सोनी’ ही जाती डॅल्झेल यांनी त्यांच्या नावाने नोंदवली. दापोडीची बाग १८६५ मध्ये बंद पडली.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी दापोडीत काढून घेतलेली दीडशेहून अधिक वनस्पतिचित्रे आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकार पोर्तुगीज वळणाचा भारतीय माणूस होता. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.